मार्टिनू यांचा बासरी-सोनाटा : उसन्या स्वराचा प्रश्न

पाश्चात्त्य संगीतातील एखादी रचना मराठी श्रोत्याच्या कानी पडली म्हणजे तिच्याविषयी बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. हीत कोणता राग सापडतो, हा पहिला. आणि हीत पूर्व व पश्चिम यांचा समन्वय कितपत साधला आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न वरवर पाहता रसिकतेचे वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी सादृश्याचा शोध आहे. आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्याच्या घरी सापडले की आपण संतुष्ट होतो, आणि न सापडले तर ती रचना परकी म्हणून बाजूला ठेवतो. एका संगीतव्यवस्थेतील स्वर दुसऱ्या व्यवस्थेत गेला असता तेथे तो नेमके कोणते कार्य करतो, हा खरा समीक्षेचा प्रश्न मात्र अशा वेळी अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न प्रथम अशा एका रचनेच्या आधारे तपासावयाचा आहे की जिच्यातील उसना स्वर भारतीय नाही, किंबहुना मनुष्याचाही नाही. तो एका पक्ष्याचा आहे. त्यानंतर त्याच देशात जन्मलेल्या, परंतु मुंबईत बारा वर्षे राहिलेल्या दुसऱ्या एका संगीतकाराकडे वळता येईल.

बोहुस्लाव्ह मार्टिनू (१८९०–१९५९) यांचा जन्म बोहेमिया व मोरेव्हिया यांच्या सीमेवरील पोलिच्का या गावी झाला. त्यांचे वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत आणि त्याबरोबरच गावातील चर्चच्या मनोऱ्यावर राहून आगीवर नजर ठेवण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्या मनोऱ्यातील खोलीतच मार्टिनू जन्मले व त्यांचे बालपण तेथेच गेले. १९२३ मध्ये ते पॅरिसला गेले आणि आल्बेर रूसेल यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीशी आल्या तेव्हा त्यांना ते शहर सोडावे लागले, आणि १९४१ च्या मार्चअखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले. बासरी व पियानो यांसाठीचा हा सोनाटा त्यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील केप कॉड या द्वीपकल्पावर साउथ ऑर्लीन्स येथे राहत असता लिहिला. बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचे प्रमुख बासरीवादक झॉर्झ लोराँ यांना तो अर्पण केलेला आहे. त्या वर्षी युरोपातील युद्ध संपले होते. तथापि या रचनेत विजयघोष नाही की विलापही नाही. निर्वासिताच्या प्रत्येक स्वरात मायभूमीची ओढ ऐकू पाहणाऱ्या चरित्रकारी समीक्षेची येथे थोडी पंचाईतच होते.

रचना तीन भागांची असून सुमारे १८ मिनिटे चालते : मध्यम द्रुत गतीचा पहिला भाग, विलंबित दुसरा आणि पुन्हा द्रुत असा तिसरा. पहिल्या भागाचा आरंभ पियानो करतो आणि बासरी मागाहून येते. साथीदाराने आधी चार आवर्तने वाजवावी आणि मुख्य कलावंताने मग प्रवेश करावा, असा हा प्रकार नव्हे. पियानोच्या या आरंभात पुढील सर्व भागाचे बीज असते. बासरी त्या चालू प्रवाहात सामील होते, त्याच्यावर आरूढ होत नाही. आपल्याकडील संगत या कल्पनेची सवय असलेल्या श्रोत्यास येथे पहिली अडचण येते. पियानो गप्प का बसत नाही, असे त्याला वाटत राहते. सोनाट्याच्या विचारात मात्र दोन्ही वाद्ये समान अधिकाराची आहेत, आणि मार्टिनू यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण अनेक स्वतंत्र गळ्यांनी आपापल्या श्वासाने गावे अशा सोळाव्या शतकातील इंग्रजी मॅड्रिगल गायनाचा त्यांच्या रचनाशैलीवर खोल संस्कार झालेला होता.

वाद्याविषयीही येथे थोडे सांगणे अवश्य आहे. ज्या बासरीसाठी हा सोनाटा लिहिला गेला ती टेओबाल्ट बोएम या जर्मन कारागिराने १८४७ मध्ये सिद्ध केलेल्या बनावटीची, धातूची व कळांची बासरी होय. तिच्यात बोट थेट छिद्रावर घसरत नाही. कळ उघडते वा मिटते, आणि स्वर एकदम बदलतो. याच्या उलट आपल्या बांबूच्या बासरीचा सारा जीव बोटाच्या पेराखाली हळूहळू उघडणाऱ्या छिद्रात आहे. पन्नालाल घोष हे १९४० पासून मुंबईत होते. लांब, मोठ्या पोकळीच्या बासरीतून त्यांनी ख्यालाचे गांभीर्य प्रकट करून दाखविल्यापासून बासरी म्हणजे मींड व खर्जातील आलाप अशीच आपली अपेक्षा झालेली आहे. ती अपेक्षा घेऊन मार्टिनू यांच्याकडे जाणारा श्रोता रिक्तहस्ते परत येणार, यात नवल नाही. कळांच्या बासरीला जे सहज साधते तेच त्यांनी तिच्याकडून मागितले आहे : स्वच्छ सुटे स्वर, चपळ उड्या आणि एकच लहानशी आकृती वारंवार थोडी बदलून म्हणत राहणे.

ही लहानशी आकृती हाच मार्टिनू यांच्या शैलीचा मूळ घटक होय. जुन्या सोनाट्यात दोन विरोधी विषय मांडून त्यांचा संघर्ष व समेट दाखविण्याची पद्धत होती. मार्टिनू यांना त्या नाट्यात फारसा रस नाही. तीनचार स्वरांची एखादी पेशी ते घेतात, ती पुन्हा म्हणतात, तिचा एखादा स्वर पुढे ढकलतात, कधी तिची शेपटी तोडून तीच पुढची सुरुवात करतात, आणि असे करता करता एक दीर्घ वाक्य उभे राहते. बढत या आपल्या संकल्पनेशी याचे बाह्य साम्य आहे, परंतु ते फार ताणू नये. बढतीत रागाचे स्वरूप आधीच सिद्ध असते व गायक ते क्रमाने उलगडतो. येथे पेशीपलीकडे आधीचे असे काहीच नाही.

लयीच्या बाबतीत मार्टिनू यांचे वेगळेपण सर्वांत स्पष्ट आहे. लेखनात मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेषा असतात. पण पेशीचा आघात त्या रेषेवर क्वचितच पडतो. स्वर रेषेच्या अलीकडे सुरू होतो व तिला ओलांडून लांबतो, किंवा रेषेनंतर अर्धी मात्रा सोडून येतो. त्यामुळे संगीत सतत किंचित पुढे झुकलेले, उसळी मारण्याच्या बेतात असलेले वाटते. समेची वाट पाहणारा आपला कान येथे प्रथम गोंधळतो. सम नाही असे नाही. ती येते, पण समोरच्या दारातून येत नाही. चेक भाषेत शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, आणि त्या लोकांच्या गाण्यात शब्दाचा आघात व नृत्याचा ठेका यांची ओढाताण वारंवार दिसते. या सोनाट्यात एकही लोकगीत जसेच्या तसे घेतलेले नसताना तो ऐकताच चेक वाटतो, याचे एक कारण या ओढाताणीत असावे असे मला वाटते.

दुसरे कारण वाक्य संपविण्याच्या रीतीत आहे. पाश्चात्त्य हार्मनीत वाक्याचा शेवट सामान्यतः पंचमाच्या स्वरसमूहावरून षड्जाच्या स्वरसमूहावर येऊन होतो. मार्टिनू यांच्या संगीतात मोक्याच्या ठिकाणी खर्जाचा स्वर मध्यमावरून षड्जावर उतरतो आणि त्याच वेळी वरच्या स्वरांत पंचमाच्या समूहातील घटक रेंगाळत राहतात. अशा रीतीने निर्णय व कोमलता ही दोन्ही एकाच क्षणी येतात. या समाप्तीला मोरेव्हियन कॅडेन्स असे नाव पडले आहे. यानाचेक यांच्या रचनांतही ती आढळते, आणि मार्टिनू यांनी १९३८ मध्ये प्राग येथे प्रथम रंगभूमीवर आलेल्या ‘ज्युलिएटा’ या ऑपेरापासून तिला आपली खूणच करून टाकली. बासरी-सोनाट्यात गजबजलेली हालचाल चालू असताना अकस्मात ही समाप्ती येते तेव्हा अंधाऱ्या बोळातून चौकात आल्यासारखे वाटते.

मधल्या विलंबित भागाविषयी मला फार लिहावयाचे नाही. तो शांत आहे, सुंदर आहे, आणि वादकाच्या श्वासाची परीक्षा पाहणारा आहे. मराठी श्रोत्यास हाच भाग प्रथम आवडेल, आणि राग ओळखण्याचा मोहही येथेच होईल. परंतु येथील स्वरांना त्यांचा अर्थ खालच्या स्वरसमूहांनी दिलेला आहे. ते समूह बदलताच तोच स्वर दुसरा होतो. षड्ज अचल असल्यावाचून राग संभवत नाही, आणि येथे नेमका षड्जच चल आहे. एवढे लक्षात घेतले म्हणजे या भागाबाबत रागाची चर्चा थांबवावी हेच बरे.

आता तिसऱ्या भागातील पक्ष्याकडे येऊ. रातवा या निशाचर पक्ष्याच्या कुळातील एक पक्षी पूर्व अमेरिकेत आढळतो. उन्हाळ्यातील रात्री तो तीन अवयवांची एकच हाक न थांबता शेकडो वेळा देत राहतो. पहिल्या व शेवटच्या अवयवावर जोर, मधला हलका. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्या हाकेतच त्याचे नाव ऐकले व त्याला व्हिप-पुअर-विल म्हटले. साउथ ऑर्लीन्स येथे मार्टिनू यांनी ही हाक ऐकली आणि ती सोनाट्याच्या अंतिम भागात आली.

पक्ष्याची हाक संगीतात आणणे ही गोष्ट नवी नाही. तथापि बहुतेक ठिकाणी ती चित्रासारखी येते : संगीत क्षणभर थांबते, वाद्य पक्ष्याची नक्कल करते, श्रोता ओळखून हसतो आणि संगीत पुन्हा आपल्या मार्गाने जाते. मार्टिनू यांनी तसे केलेले नाही. ही हाक कोठे सुरू होते हे आधीपासून ठाऊक नसलेल्या श्रोत्यास ती पक्ष्याची म्हणून कळेलच असे नाही. कारण त्या हाकेचे रूप आणि मार्टिनू यांच्या पेशीचे रूप ही मुळातच सजातीय आहेत. लहान आकृती, विषम जागी आघात, न थकता केलेली पुनरावृत्ती हे त्या पक्ष्याचे जसे लक्षण, तसेच या संगीतकाराच्या पहिल्या भागातील लेखनाचेही. हाक येण्यापूर्वीच तिला जागा तयार होती. अंतिम भागात ती अलंकार होऊन राहत नाही. चालना देणारी पेशी होते, पियानोकडे जाते, तुटते व पुन्हा जोडली जाते.

येथे आपल्याकडील एका पक्ष्याची आठवण केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला म्हणजे मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. हिंदी भाषकाला त्याच पक्ष्याच्या ओरडण्यात ‘पी कहाँ’ ऐकू येते. पक्षी तोच, स्वर तेच. पण एका ठिकाणी ती शेतीची आज्ञा झाली आणि दुसऱ्या ठिकाणी विरहिणीचा प्रश्न. यांपैकी पक्ष्याशी प्रामाणिक कोण, असे कोणी विचारीत नाही. कारण दोन्ही ठिकाणी हाकेने त्या त्या भाषेच्या व्याकरणात प्रवेश केला आहे व तेथे ती काम करू लागली आहे. उसन्या स्वराची कसोटी हीच असावी असे माझे मत आहे. मूळ स्वराशी तो किती मिळतो याने त्याची किंमत ठरत नाही, तर नव्या रचनेतून तो काढून घेतला असता काय कोसळते याने ठरते. मार्टिनू यांच्या अंतिम भागातून ती हाक काढली तर वर्णन कमी होणार नाही, गती बंद पडेल.

याचा अर्थ हा सोनाटा निर्दोष आहे असा मात्र नाही. मार्टिनू यांनी विपुल लिहिले, त्यांच्या रचनांची संख्या चारशेच्या घरात जाते, आणि विपुलतेबरोबर येणारी सवय येथेही काही जागी जाणवते. एक पेशी चढत्या पायऱ्यांनी तीनचार वेळा म्हणून उत्साह वाढविण्याची युक्ती पहिल्या भागात एकदोनदा केवळ युक्ती म्हणूनच उरते. पियानोची बाजू इतकी भरगच्च आहे की बेतशीर वादक नसल्यास बासरीचा मधला सप्तक तिच्याखाली दबून जातो. अंतिम भागाची अखेर टाळ्या घेण्याइतपत झगझगीत आहे. तितकी झगझगीत ती असावयास हवी होती का, याविषयी शंका राहते.

ही कसोटी घेऊन आता आपल्या अधिक जवळच्या उदाहरणाकडे वळू. वॉल्टर कॉफमन (१९०७–१९८४) हे बोहेमियातीलच कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या कार्लोव्ही व्हारी, येथे जन्मलेले जर्मनभाषक ज्यू संगीतकार. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्यापाशी त्यांनी रचनेचे शिक्षण घेतले व पुढे प्राग येथे संगीतशास्त्राचा अभ्यास केला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले आणि त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. तिच्या कार्यक्रमांत व्हायोलिनवर मेहली मेहता असत व पियानोवर स्वतः कॉफमन. १९३७ ते १९४६ पर्यंत ते मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. प्रथम ऐकलेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका आपल्याला अगदी परक्या व अनाकलनीय वाटल्या, परंतु ज्या संगीतावर इतके लोक प्रेम करतात त्यात दोष असू शकत नाही, तेव्हा दोष आपल्या कानातच असला पाहिजे, असा विचार त्यांनी केला. संगीतशास्त्राचा विद्यार्थी म्हणून याहून चांगला आरंभ दुसरा सांगता येणार नाही.

कॉफमन यांचे नाव आपल्याकडे जे थोडेफार उरले आहे ते आकाशवाणीच्या केंद्रारंभीच्या धुनेमुळे. या धुनेचे जनकत्व सामान्यतः त्यांच्याकडे दिले जाते. त्यांच्या एका व्हायोलिन-सोनाट्याशीही तिचा संबंध जोडला जातो. आणि येथेही आपला नेहमीचा प्रश्न तयारच असतो : राग कोणता? शिवरंजनी, असे उत्तर मिळते आणि चर्चा संपते. पण शिवरंजनीच्या कोमल गंधाराला आपले म्हणणे मांडण्यास जो अवकाश लागतो तो एका मिनिटाच्याही आतल्या या धुनेत कोठून मिळणार? राग ओळखल्याने स्वर कळले, धून कळली नाही.

या धुनेत खरोखर उसने घेतलेले काही असेल तर तो तंबोरा होय. आपल्या मैफलीत तंबोरा हा रचनेचा घटक मानला जात नाही. तो रचनेची भूमी आहे. घराच्या भिंतीकडे जसे आपण पाहत नाही तसे तंबोऱ्याकडे आपण ऐकत नाही. बोहेमियातून आलेल्या कानाला मात्र सर्वांत आधी तोच ऐकू आला असणार. कॉफमन यांनी त्याला पार्श्वभूमीतून उचलून दर्शनी जागी आणले. व्हायोलिनचे स्वर त्याच्या गुंजनातून निघतात व त्यातच परत जातात. ज्या संगीतव्यवस्थेत षड्ज सतत चल असतो तिच्यातील रचनाकाराने येथे अचल षड्ज हाच आपला विषय केला आहे. धून कोठे पोहोचत नाही, पुढे काहीतरी सुरू होणार आहे एवढेच ती सांगते. आणि केंद्रारंभीच्या धुनेचे काम तेवढेच असते. तंबोरा काढून घेतला तर उरलेले स्वर कोणत्याही वाद्यवृंदाने वाजवावे असे सामान्य ठरतील. कसोटीस ही लहानशी धून उतरते.

कॉफमन यांच्या मोठ्या रचनांविषयी मात्र असा निकाल देण्याची घाई करू नये. टोरांटो येथील एका वादकसमूहाने त्यांचे काही चतुष्टक, व्हायोलिन-सोनाटा व सप्तवाद्यमेळ २०२० मध्ये ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ही रचना सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आली. त्यांत भारतीय म्हणून ओळखू येणारी वळणे पुष्कळ आहेत. ती वळणे म्हणजे मार्टिनू यांच्या पक्ष्याप्रमाणे पेशी आहेत, की आगगाडीच्या खिडकीतून दिसलेली दृश्ये, हे प्रत्येक रचनेगणिक तपासावे लागेल.

या सर्वांचा इस्लापूरसारख्या स्थळाशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो दुहेरी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी इस्लापूर मंडळ हे हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला ते किनवट तालुक्यासह मराठी प्रदेशात आले. निजामी राज्याची नभोवाणी स्वतंत्र होती, डेक्कन रेडिओ या नावाची. १ एप्रिल १९५० रोजी ती भारत सरकारने आपल्याकडे घेतली. तेव्हा पैनगंगेकाठच्या या भागाच्या वाट्याला मुंबईतील निर्वासिताची ती धून अधिकृतपणे आली ती कॉफमन भारत सोडून गेल्यानंतर चार वर्षांनी. रेडिओ लागला याची खूण म्हणून ती येथेही इतकी अंगवळणी पडली की ती कोणी रचलेली आहे हा विचारच मनात येऊ नये. पावशाच्या ‘पेरते व्हा’प्रमाणेच हेही स्वराचे एका व्यवस्थेतून दुसरीत जाणे होय.

दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा आहे. कॉफमन यांनी रागसंगीतापुरतेच लक्ष मर्यादित ठेवले नाही. गोंड व बैगा यांच्या गीतांवरील त्यांचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बस्तरमधील मारिया व मुरिया गोंडांची गीते व वाद्ये यांवरील लेख १९६० व १९६१ मध्ये. नागर संगीताच्या अभिमानात आपण ज्याला संगीत म्हणावयास कचरत होतो ते या परकीयाने पाच रेषांवर उतरवून घेतले. गोंडांची वस्ती बस्तरपाशी संपत नाही. किनवट–इस्लापूरच्या डोंगराळ भागात ती आजही आहे. दिवाळीच्या सुमारास तेथे दंडार निघते, ढोल व पेपरे वाजतात, आणि प्रधान कथेकरी किंगरीच्या साथीने गोंडांच्या देवकुळांच्या कथा गातो. हे संगीत लिपीबद्ध करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न रागाचा येणार नाही, मात्रांची उभी रेषा कोठे द्यावी हा येईल. नाचणाऱ्यांच्या पायाचा आघात, ढोलाचा आघात व गाणाऱ्याच्या शब्दाचा आघात हे तिन्ही एका जागी पडतातच असे नाही, आणि रेषा कोणत्याही एकावर दिली तरी उरलेले दोन चुकलेले दिसतात. मार्टिनू यांनी आपल्या सोनाट्यात रेषा मोजणीपुरती ठेवून आघाताला मोकळे सोडले आहे. दंडारीच्या लेखनात निदान पहिल्या खर्ड्यापुरती तीच रीत वापरून पाहावी, आणि ढोल, पाय व शब्द यांचे आघात तीन स्वतंत्र ओळींत, एकाच रेषेला न बांधता, नोंदवावेत.